उपग्रहाच्या चित्रातला ढग आणि आपल्या शिवारातला पाऊस

प्रश्न असा आला आहे: 'दिंडोरी तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना उपग्रहाच्या चित्रात आमच्या भागावर लाल-पिवळा ढग दिसला, म्हणून फवारणी थांबवली. एक थेंब पडला नाही. जुलैत त्र्यंबककडे धो-धो पाऊस चालू होता, तेव्हा चित्रात नुसता करडा रंग. आणि मार्चमध्ये गारा पडल्या, तर तासाभरापूर्वीच्या चित्रात काहीच नव्हतं. मग या चित्रांवर शेतकऱ्याने किती भरवसा ठेवायचा?'

दादा, तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी अगदी बरोबर आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. उपग्रह ढगाचा माथा बघतो, पाऊस मात्र ढगाच्या पोटातून पडतो. रंगीत चित्रात दिसतो तो माथ्याचा थंडपणा. माथा किती थंड आणि खाली किती पाऊस, याचं गणित ऋतूप्रमाणे बदलतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर ते इगतपुरीपासून येवल्यापर्यंत जाईतो एकाच दिवशीही बदलतं. हे गणित एकदा लक्षात आलं की त्याच चित्रातून खूप काही कळतं. माझं काम वर्षानुवर्षं हीच चित्रं वाचण्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी चित्र येतं कुठून ते पाहू. आपल्याकडे सध्या पाहिली जाणारी चित्रं मुख्यतः इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या उपग्रहांची असतात. पहिला ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला, दुसरा १७ फेब्रुवारी २०२४ रोजी. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, त्यामुळे दिवसरात्र आपल्याच भागावर नजर ठेवून असतात. त्यांच्यावरचा इमेजर, म्हणजे चित्र टिपणारं यंत्र, सहा वाहिन्यांत, म्हणजे लहरींच्या सहा पट्ट्यांत, मोजमाप करतो. दृश्य प्रकाशाच्या वाहिनीत एक किलोमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, उष्णतेच्या वाहिन्यांत चार किलोमीटर आणि बाष्पाच्या वाहिनीत आठ किलोमीटर. चार बाय चार किलोमीटरचा चौकोन म्हणजे जवळपास चार हजार एकर. तुमची बाग, शेजारची वाडी, मधला ओढा आणि पलीकडची टेकडी या सगळ्यांसाठी मिळून उपग्रह एकच आकडा देतो.

उष्णतेची वाहिनी १० ते १२ मायक्रॉनच्या लहरी टिपते. हवा या लहरींना फारशी अडवत नाही. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता थेट उपग्रहापर्यंत पोहोचते. दाट ढग आला की जमीन झाकली जाते आणि उपग्रहाला दिसते ती ढगाच्या माथ्याची उष्णता. वर जावं तशी हवा गार होते, त्यामुळे माथा जितका थंड तितका तो उंच. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंश तापमान सुमारे साडेपाच किलोमीटरवर असतं आणि उणे ६० अंशांचा माथा म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर उंचीचा ढग. हे आकडे संगणक रंगवतो. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे चित्र बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, म्हणून एका संकेतस्थळावरचा लाल दुसऱ्या ठिकाणी निळा असू शकतो. चित्राच्या कडेची रंगपट्टी वाचल्याशिवाय रंगावरून काहीही ठरवू नका.

आता तुमचा फुलोऱ्यातला ढग. तुम्ही दिवस सांगितला नाही, पण फळछाटणीनंतरच्या हंगामात, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हा प्रकार वारंवार होतो. उत्तर भारतातून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवेची प्रणाली, सरकत असतो, आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर जोरदार पश्चिमी वारे असतात आणि त्यांच्यासोबत बर्फाच्या बारीक स्फटिकांचे पातळ ढग येतात. त्यांना आपण सिरस म्हणतो. त्यांचा माथा उणे ४० अंशांचाही असतो, त्यामुळे चित्रात रंग चढतो. पण खाली सात-आठ किलोमीटर कोरडी हवा असते. या ढगातून काही सुटलं तरी ते वाटेतच विरून जातं, जमिनीवर काही येत नाही. त्या दिवशी वर पाहिलं असतं तर कदाचित सूर्याला खळं पडलेलं दिसलं असतं. ते खळं याच स्फटिकांमुळे पडतं.

हा ढग ओळखायचा साधा उपाय आहे आणि तो दिवसा कोणालाही करता येतो. उष्णतेचं चित्र आणि दृश्य चित्र, दोन्ही एकाच वेळेची, शेजारी-शेजारी उघडा. दोन्हींत ढग ठळक पांढरा असेल तर तो उंचही आहे आणि जाडही आहे. तो गांभीर्याने घ्या. उष्णतेच्या चित्रात ठळक आणि दृश्य चित्रात विरळ, खालचे डोंगर-धरणं त्यातून दिसताहेत, तर तो सिरस; फवारणी थांबवायचं कारण नाही. आणि याच्या उलट, दृश्य चित्रात चकचकीत पांढरा पण उष्णतेच्या चित्रात करडा, तर तो कमी उंचीचा, पण दाट पाण्याचा ढग आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला त्र्यंबकचा ढग हाच. रात्री दृश्य चित्र नसतं, त्यामुळे रात्रीच्या रंगीत ढगावर दिवसाच्या निम्मा विश्वास ठेवा. भारतीय हवामान विभागाच्या 'रॅपिड' या प्रणालीत दोन-तीन वाहिन्या मिसळून केलेली 'नाइट मायक्रोफिजिक्स' नावाची चित्रं मिळतात. त्यांत पातळ आणि जाड ढगांचे रंग वेगळे पडतात. सुरुवातीला ती किचकट वाटतील, पण आठवडाभर रोज पाहिलीत तर सवय होईल.

सिरसबद्दल एक सावधगिरी मात्र ठेवा. तो ढग स्वतः पाऊस देत नाही, पण त्याच्या मागून काय येतंय हे बघायलाच हवं. २६ नोव्हेंबर २०२३ ला आपल्या जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट होऊन द्राक्षबागांचं मोठं नुकसान झालं, ते तुम्ही विसरला नसाल. अशा वेळी अरबी समुद्रावरून बाष्प वर येतं आणि ते पश्चिमेकडून येणाऱ्या प्रणालीला मिळतं. म्हणून फक्त नाशिकवरचा तुकडा पाहू नका. चित्र मोठं करून गुजरात किनारा आणि समुद्र बघा, गेल्या सहा तासांची हलती चित्रमालिका लावा आणि बाष्पाच्या वाहिनीवर नजर टाका. ही वाहिनी साधारण पाच ते दहा किलोमीटर उंचीच्या थरातली वाफ दाखवते. समुद्रावरून आपल्याकडे ओल्या हवेचा पट्टा येताना दिसला आणि त्यात जाड ढग फुगताना दिसले, तर त्या दिवशीचा सिरस हलक्यात घेऊ नका.

जुलैचं त्र्यंबक हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, कारण इथे उपग्रहाची मर्यादा अगदी स्वच्छ दिसते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि येवल्याकडे पाचशेच्या घरात. एवढा फरक सह्याद्रीमुळे पडतो. समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाला धडकून वर चढते, तिथल्या तिथे ढग होतो, त्यातले थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि पडतात. या पावसाला बर्फाची गरजच लागत नाही. ढगाचा माथा पाच-सात किलोमीटरवर थांबला तरी खाली दिवसभर झड लागलेली असते. उष्णतेच्या वाहिनीला मात्र असा माथा फार थंड दिसत नाही, म्हणून रंग करडा.

कित्येक ॲपवर 'उपग्रहाने मोजलेला पाऊस' मिलीमीटरमध्ये दाखवतात. त्यातला बराचसा अंदाज याच माथ्याच्या तापमानावरून काढलेला असतो, त्यामुळे घाटातला पाऊस तिथे कमी दिसतो. मायक्रोवेव्ह वापरणारे उपग्रह ढगाच्या आत डोकावतात, पण जमिनीवरचा पाऊस ओळखताना तेही बऱ्याच अंशी ढगातल्या बर्फावर अवलंबून असतात. बर्फ नसलेला घाटातला पाऊस त्यांनाही नीट सापडत नाही. २०१४ मध्ये सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर तर पाऊस मोजणारं रडारच आहे, आणि त्याने या विषयात फार मोठं काम केलंय. पण डोंगराळ भागात जमिनीच्या अगदी जवळचा थर जमिनीवरून परतणाऱ्या लहरींत बुडून जातो, आणि तो उपग्रह एका जागेवरून अधूनमधूनच जातो. अनेक उपग्रह एकत्र करून बनवलेला जागतिक पाऊस-नकाशाही सुमारे अकरा किलोमीटरच्या चौकोनांचा असतो. घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांच्यातलं अंतर तेवढंच भरतं.

म्हणून गोदावरीला पूर येईल का, हे ठरवताना मी उपग्रहाच्या मिलीमीटरकडे पाहत नाही. नाशिकच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढतं तेव्हा तो पाऊस वर त्र्यंबक आणि गंगापूर धरणाच्या पाणलोटात आधीच पडलेला असतो. तिथले पर्जन्यमापक आणि धरणाच्या विसर्गाचे आकडे हीच त्या वेळची खरी माहिती. उपग्रहाकडून मी तेव्हा वेगळी गोष्ट घेतो: अरबी समुद्रावर ढगांचा पुरवठा किती लांबपर्यंत भरलेला आहे आणि वाऱ्याचा जोर टिकेल का. झड आज थांबेल की अजून दोन दिवस चालेल, हे त्यावरून बऱ्यापैकी समजतं.

गारपिटीचं उत्तर थोडं कडू आहे. गारा उपग्रहाला दिसत नाहीत. त्या देणारा ढग दिसतो, पण तो फार घाईने वाढतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलेल्या जमिनीवर कापशी ढग उभा राहतो आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याचा ऐरणीसारखा पसरट माथा तयार होतो. इन्सॅटला पृथ्वीचं पूर्ण बिंब टिपायलाच सुमारे २६ मिनिटं लागतात. दोन उपग्रहांच्या वेळा मागेपुढे ठेवून पंधरा-पंधरा मिनिटांनी चित्र मिळतं खरं, पण टिपणं, खाली पाठवणं आणि प्रक्रिया यात वेळ जातोच. तुमच्या मोबाइलवर चित्र उघडतं तेव्हा ते बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आसपास जुनं असतं. तासाभरापूर्वी तुम्हाला काहीच दिसलं नाही, कारण तासाभरापूर्वी तो ढग खरोखरच नव्हता.

तरीही त्यातून काही खुणा मिळतात. पहिली खूण म्हणजे माथा थंड होण्याचा वेग. पंधरा मिनिटांत आठ अंश किंवा त्याहून जास्त घसरण दिसली तर ढगातला वर जाणारा प्रवाह जोरात आहे असं आम्ही धरतो. दुसरी खूण दृश्य चित्रात चार-पाचच्या सुमारास मिळते. सूर्य पश्चिमेला कललेला असतो तेव्हा पसरट माथ्यावर एखादा उंचवटा आला असेल तर त्याची सावली पूर्वेकडे पडते. हा उंचवटा म्हणजे आतला प्रवाह इतका जोरदार की त्याने ढगाचं छतच वर ढकललंय. असा ढग गारा देईलच असं नाही, पण त्याच्या वाटेत असलेल्याने सावध व्हावं. चार किलोमीटरच्या उष्णता-चित्रात हा उंचवटा कित्येकदा हरवतो, म्हणून दृश्य चित्रच पाहा. आणि गारांचा पट्टा काही किलोमीटरच रुंद असतो. एका शिवारात घड झोडपले जातात आणि लगतच्या शिवारात नुसता वारा सुटतो. इतक्या बारीक जागेचा इशारा उपग्रहाकडून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ या काळात महाराष्ट्रभर गारपिटीने जो हाहाकार केला, तेव्हाही वादळी हवेचा मोठा पट्टा ओळखणं शक्य होतं, कोणत्या बागेवर गारा पडतील हे सांगणं शक्य नव्हतं.

शेवटच्या तासासाठी रडार जास्त कामाचं. मुंबईची डॉप्लर रडार आपल्यापासून दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांचा सगळ्यात खालचा किरणही नाशिकवर पोहोचेपर्यंत तीन किलोमीटरच्या आसपास उंचीवर गेलेला असतो. गारांचा गाभा त्याहून वर असतो, त्यामुळे गारपिटीचा ढग त्यात चांगला दिसतो. जुलैचा बुटका घाटढग मात्र बराचसा त्या किरणाच्या खालीच राहतो. म्हणजे त्र्यंबकच्या झडीत जे रडार तुम्हाला निरुपयोगी वाटेल, तेच मार्चमध्ये उघडून ठेवण्यासारखं आहे. त्यासोबत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप ठेवा. ते जमिनीवरच्या यंत्रजाळ्यावरून विजा टिपतं आणि तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. विजांची संख्या एकदम वाढली तर ढग जोर धरतोय. बागेत मजूर असतील तर त्यांना त्याच क्षणी बाहेर काढा, गारांची वाट पाहू नका.

आता दोन गोष्टी, ज्या फार कमी लोक सांगतात आणि ज्यांच्यामुळे चांगलं चित्रही चुकीचं वाचलं जातं.

पहिली म्हणजे वेळ. चित्रावर छापलेली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. ०९०० लिहिलं असेल तर ते दुपारी अडीचचं चित्र. सकाळी नऊचं समजून पाहिलंत तर अख्खी दुपार चुकेल.

दुसरी म्हणजे जागा. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नाशिक ७३.८ वर, म्हणजे तो आपल्या जवळजवळ सरळ दक्षिणेला. आपण २० अंश उत्तरेला असल्यामुळे तो आपल्याला तिरपं बघतो. तिरप्या नजरेत उंच ढगाचा माथा नकाशावर मागे, म्हणजे उत्तरेला सरकलेला दिसतो. पंधरा किलोमीटर उंचीच्या ढगासाठी ही सरक साडेसहा किलोमीटरच्या आसपास येते. चित्रात वादळ तुमच्या बागेच्या थोडं उत्तरेला दिसत असेल आणि तुम्ही 'गेलं बाजूने' म्हणत असाल, तर ते प्रत्यक्षात तुमच्या डोक्यावर असू शकतं. कमी उंचीच्या ढगाला ही सरक एक-दीड किलोमीटरचीच, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

थंडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निफाड-पिंपळगावकडच्या बागायतदारांसाठी थोडक्यात सांगतो. उपग्रहाचं रात्रीचं तापमान हे जमिनीच्या आणि पानांच्या पृष्ठभागाचं असतं, हवेचं नसतं. निरभ्र, शांत रात्री ते हवेपेक्षा कमी भरतं. पारा किती उतरला हे केंद्रावरच्या तापमापकावरूनच घ्या. उपग्रहावरून फक्त थंड हवा कोणत्या खोलगट भागात साचते आणि धुकं कुठे आहे हे पाहा.

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग उपग्रहाचा खरा फायदा कुठे? तर तो तुम्ही रोज वाचता त्या पाच दिवसांच्या अंदाजात आहे. संगणकावर चालणाऱ्या जागतिक अंदाज-प्रारूपांत आज जी निरीक्षणं जातात त्यांतला सर्वांत मोठा वाटा उपग्रहांचा असतो. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह मायक्रोवेव्हने ढगांच्या आरपार पाहून हवेच्या थराथराचं तापमान आणि बाष्प काढतात. इन्सॅटच्या पाठोपाठच्या चित्रांत ढग किती सरकले यावरून समुद्रावरचे वारे काढले जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेला ओशनसॅट-३ समुद्राच्या पाण्यावरचे बारीक तरंग रडारने वाचून पृष्ठभागावरचा वारा देतो. लक्षद्वीपची बेटं सोडली तर अरबी समुद्रात आपलं एकही गाव नाही, तलाठी नाही, पर्जन्यमापक नाही. तिथली बातमी आणणारं हेच एक मोठं साधन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुढे कमजोर होत आपल्या जिल्ह्याकडे सरकलं, त्याच्या कितीतरी आधी इशारे मिळाले होते. उपग्रह नसते तर ते कसे मिळाले असते, याची मला कल्पनाही करवत नाही. २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही आपली हवामान अंदाजाची प्रणाली सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते, म्हणजे घाट आणि पठार तिला वेगवेगळे दिसतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा फवारणीसाठी मी असं करीन. दोन-तीन दिवस आधी हवामान विभागाचा जिल्हा अंदाज पाहीन, चित्र उघडणारच नाही. फवारणीच्या सकाळी दृश्य आणि उष्णतेची चित्रं जोडीने पाहीन, पश्चिमेकडची चित्रमालिका लावीन आणि जाड ढग किती लांब आहे व ताशी किती सरकतोय याचा हिशेब करीन. शंभर किलोमीटरवरचा, ताशी तीस किलोमीटरने आपल्याकडे सरकणारा जाड पट्टा असेल तर तीन तास हातात आहेत, तेवढ्यात औषध वाळेल का ते पाहीन. पातळ ढग असेल तर ट्रॅक्टर बाहेर काढीन. पाऊस झाला की नाही यापेक्षा पान किती वेळ ओलं राहिलं हे डाऊनी या द्राक्षावरच्या रोगासाठी महत्त्वाचं असतं, आणि ते कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी पहाटे बागेतच जावं लागेल.

आणि बागेत मोकळ्या जागी, झाडं-शेडपासून दूर, एक साधा पर्जन्यमापक बसवा. नोंद सकाळी साडेआठला करा, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. वेळ जुळली तरच आकडे जुळतात. जून ते सप्टेंबरच्या नोंदी तारखेसह ठेवल्यात तर त्या मला पाठवा. त्याच दिवसांचे उपग्रहाचे अंदाज शेजारी मांडून तुमच्या शिवारापुरता तो पाऊस किती कमी-जास्त दाखवतो, हे आपण दोघं बसून काढू.